मेल्स येथील युद्धस्मारके : समतेच्या मर्यादा

पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांची स्मारके इंग्लंडमधील बहुतेक खेड्यांत आढळतात. सरदारपुत्र व शेतमजूर यांची नावे एकाच शिळेवर कोरली गेल्यामुळे ही स्मारके समतेची द्योतक होत, असे मत अनेकदा मांडले जाते. ते कितपत ग्राह्य आहे, हे सॉमरसेट परगण्यातील मेल्स या गावाच्या उदाहरणावरून तपासता येते.

ब्रिटिश सैनिकांचे मृतदेह युद्धभूमीवरून मायदेशी आणण्यास १९१५ पासून मनाई होती. युद्धसमाप्तीनंतरही ती उठली नाही. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या साम्राज्य युद्धसमाधी आयोगाने हुद्द्याचा विचार न करता सर्वांना एकसारखी समाधिशिळा देण्याचे तत्त्व स्वीकारले. पुत्राच्या समाधीवर आपल्या ऐश्वर्याची मुद्रा उमटविणे त्यामुळे धनिकांनाही अशक्य झाले. मात्र आयोगाची सत्ता युद्धसमाधींपुरती होती. गावच्या चर्चमधील स्मारकास धर्मप्रांतीय न्यायासनाची अनुज्ञा लागे. आयोगाचा नियम तेथे लागू नव्हता.

मेल्सच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये एडवर्ड हॉर्नर याचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा आहे. स्थानिक जमीनदार घराण्याचा हा अखेरचा पुरुष वारस नोव्हेंबर १९१७ मध्ये कांब्रेच्या लढाईत कामी आला. पुतळा आल्फ्रेड मनिंग्ज यांनी घडविला, तर चौथऱ्याची रचना एडविन लट्यन्स यांनी केली. हॉर्नरच्या समाधीवरील मूळ लाकडी क्रूस त्या चौथऱ्यातच बसविलेला आहे. १९१६ मध्ये सोमच्या रणांगणावर पडलेला त्याचा मेहुणा, पंतप्रधानपुत्र रेमंड अ‍ॅस्क्विथ, याचेही स्वतंत्र स्मारक त्याच चर्चमध्ये आहे.

दिल्लीच्या इंडिया गेटचे रचनाकार म्हणून परिचित असलेल्या याच लट्यन्स यांनी गावासाठीही एक स्मारक रचले. १९२१ मध्ये अनावरण झालेल्या या रस्त्याकडेच्या स्तंभावर संत जॉर्जची मूर्ती असून तेथे गावातील मृतांची नावे कोरलेली आहेत.

देह परत येणार नव्हता. म्हणून हॉर्नर कुटुंबाने क्रूस जवळ केला. ज्या घरांना पुतळा उभारणे शक्य नव्हते, त्यांच्या वाट्यास शिळेवरील नावाची एक ओळ आली. दुःख दोहोंकडे सारखेच होते. ते व्यक्त करण्यास मिळालेला अवकाश मात्र सारखा नव्हता. यास्तव केवळ सामुदायिक नामावलीवरून समतेचा निष्कर्ष काढणे अपुरे ठरते. रस्त्यावरील स्तंभ आणि चर्चमधील पुतळा यांचा एकत्र विचार केला, तरच त्या ग्रामसमाजाचे यथार्थ चित्र हाती येते.