मूड सुधारण्यासाठी व्यायाम, गाणी आणि सिनेमा: फोन कसा तयार ठेवायचा आणि 'विकत घेतलं' म्हणजे नक्की काय मिळतं?

मागच्या हिवाळ्यात माझा प्रोजेक्ट संपला आणि कंपनीने मला बेंचवर बसवलं. बेंच म्हणजे नोकरी आहे, पगार आहे, पण काम नाही. मी पुण्याची खोली सोडून श्रीरामपूरला घरी आलो. पहिला आठवडा बरा गेला. मग रात्री दोन-तीनपर्यंत जागायचं, सकाळी दहाला उठायचं आणि दिवसभर फोन चाळत पडायचं, असं सुरू झालं. आई रोज एकच सांगायची, "अरे, जरा पाय मोकळे करून ये."

एक दिवस गेलो. कानात गाणी, कालव्याच्या कडेने अर्धा तास. दुसऱ्या दिवशीही गेलो. दोन-अडीच आठवड्यांत झोप सुधारली, चिडचिड कमी झाली. आणि मग एका सकाळी, घरापासून दीड किलोमीटरवर, गाणी बंद पडली. सबस्क्रिप्शनचे पैसे कापले गेले नव्हते, कारण जुनं कार्ड बदललं होतं. डाऊनलोड केलेली सगळी गाणी फोनमध्येच होती, पण कुलूपबंद. मी परत फिरलो आणि पुढचे आठ दिवस घराबाहेर पडलोच नाही.

एवढ्याशा कारणाने? हो. मन आधीच खचलेलं असलं की सवय मोडायला एवढंसं कारण पुरतं. म्हणून हा लेख. व्यायामाने मूड का सुधारतो, त्यात गाण्यांचं काम काय, आणि गाणी-सिनेमे घेताना कोणत्या बटणाचा अर्थ काय, हे एकदा नीट पाहू.

व्यायामाने मूड खरंच सुधारतो का?

सुधारतो, आणि यावर बरंच संशोधन झालेलं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नैराश्य असलेल्या १५६ प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना व्यायाम, काहींना औषध, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत साधारण सारखीच सुधारणा दिसली. औषधाचा परिणाम मात्र लवकर दिसू लागला होता. म्हणजे व्यायाम काम करतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर हे वाचून ते स्वतःच्या मनाने बंद करू नका.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. फोनवर दिसणारा '१०,००० पावलं' हा आकडा वैद्यकीय नियम नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर'. आकडा तिथून रूढ झाला. तुमची ४,००० होत असतील तर आधी ५,००० करा.

फोन पावलं कशी मोजतो?

फोनमध्ये अॅक्सेलरोमीटर नावाचा सेन्सर असतो. तो हालचालीचा वेग कुठल्या दिशेला किती बदलतोय ते मोजतो. चालताना शरीर ठरावीक लयीत वरखाली होतं. त्या लयीवरून सॉफ्टवेअर पावलं ओळखतं. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर गाडी चालवतानाही कधीकधी चार-दोन पावलं वाढलेली दिसतात. यासाठी इंटरनेट लागत नाही, जीपीएसही लागत नाही.

एकूण पावलांपेक्षा वेग महत्त्वाचा. मिनिटाला साधारण १०० पावलं पडत असतील तर प्रौढांसाठी तो मध्यम व्यायाम धरला जातो. १५ सेकंद पावलं मोजा आणि ४ ने गुणा. २५ च्या वर आलं की झालं.

गाण्याची लय आणि पायांची लय

शाळेत लेझीम खेळला असाल तर हे वेगळं सांगायला नको. ताल सुरू झाला की दमलेले पायही चालतात. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कारागेओर्घिस अनेक वर्षं संगीत आणि व्यायाम यांवर संशोधन करतात. लय जुळलेलं संगीत असलं की मध्यम व्यायामात कष्ट कमी जाणवतात आणि मनाला बरं वाटतं, हा त्यांच्या कामाचा गाभा.

गाण्याचा वेग बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती ठोके. भरभर चालण्यासाठी १०० ते १२० चांगले. मोजायची पद्धत पावलांसारखीच: १५ सेकंद टाळ्या मोजा, ४ ने गुणा. तुमचं आवडतं गाणं ५५-६० चं असेल तर एका ठोक्याला दोन पावलं टाका.

गाण्याची फाइल तुमच्याकडे असेल तर वीएलसीसारख्या मोफत प्लेयरमध्ये तिचा वेगही थोडा वाढवता येतो. १०० चं गाणं १.१ पटीने वाजवलं की ११० चं होतं. ही सोय बहुतेक स्ट्रीमिंग अॅपमध्ये गाण्यांसाठी नसते.

पाटी एक, गाव दुसरं

आमच्या गावाला रेल्वेने यायचं असेल तर वेळापत्रकात 'बेलापूर' शोधावं लागतं. स्टेशनचं नाव बेलापूर, पण उतरलं की श्रीरामपूर. मूळ बेलापूर गाव प्रवरेकाठी, काही किलोमीटर लांब. नवीन पाहुणा हमखास गोंधळतो. 'बाय' या बटणाचं तसंच आहे. पाटी खरेदीची, पण बऱ्याचदा उतरता ते परवान्याच्या गावात. चार प्रकार लक्षात ठेवा:

१. सबस्क्रिप्शन: पैसे भरता तोवर ऐका. डाऊनलोड केलेली गाणी त्या अॅपपुरतीच, कुलूप लावलेली. स्पॉटिफायवर तर डाऊनलोड टिकवण्यासाठी ३० दिवसांतून किमान एकदा ऑनलाइन यावं लागतं.

२. भाडं: मुख्यतः सिनेमांसाठी. यूट्यूबवर सिनेमा भाड्याने घेतला की सुरू करायला साधारण ३० दिवस मिळतात आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. अटी पैसे भरण्याआधी दाखवतात, त्या वाचा.

३. कुलूपबंद खरेदी: सिनेमा 'विकत' मिळतो, पण त्याच कंपनीच्या अॅपमध्ये, तुमच्या खात्यावर. या कुलपाला डीआरएम म्हणतात. सेवा बंद झाली किंवा खातं गेलं तर खरेदीही अडचणीत येते.

४. फाइलची खरेदी: गाणं फाइल म्हणून मिळतं आणि कुठल्याही प्लेयरमध्ये वाजतं. अॅपलने २००९ मध्ये आयट्यून्सच्या गाण्यांवरचं कुलूप काढलं. २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पवरही एमपी३ किंवा फ्लॅक फाइल मिळते. तिथे स्वतंत्र कलाकार जास्त भेटतात. पैसे भरायला परदेशी व्यवहार सुरू असलेलं कार्ड लागू शकतं.

चौथ्या प्रकाराचा फायदा आपल्या देशातच दिसला आहे. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' हे एमपी३ गाण्यांचं ऑनलाइन दुकान काढलं आणि जून २०१३ मध्ये बंद केलं. ज्यांनी गाणी उतरवून ठेवली, त्यांची आजही वाजतात. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झालं, तेव्हाही खरेदी केलेली गाणी वाचवायला फेब्रुवारी २०२१ पर्यंतच मुदत होती. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला: १ जानेवारी २०२५ पासून तिथे फक्त परवाना देणाऱ्या विक्रेत्याला तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'बाय' शब्द वापरता येत नाही.

आम्ही शाळेत असताना मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. वीस-तीस रुपयांत कार्ड फुल्ल. फाइल आपल्या हातात, पण कलाकाराच्या हातात काहीच नाही. फाइल विकत घेण्यात दोन्ही साधतं.

माझी यादी कशी केली?

चालण्यासाठी मी फक्त २२ गाणी फाइल म्हणून घेतली. बाकी ऐकायला सबस्क्रिप्शन आहेच. ३२० केबीपीएसचं चार मिनिटांचं एमपी३ गाणं साधारण ९.६ एमबीचं, म्हणजे एका जीबीत शंभर गाणी सहज बसतात. करायचं एवढंच:

- फाइल फोनच्या म्युझिक फोल्डरमध्ये ठेवा. दुसरी प्रत लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर.
- ती दुसऱ्या प्लेयरमध्ये उघडून पाहा. फक्त एअरप्लेन मोडवर वाजली म्हणून तुमची झाली असं नाही, सबस्क्रिप्शनचं डाऊनलोडही एअरप्लेन मोडवर वाजतं.
- यूपीआय अॅपमधला ऑटोपे विभाग महिन्यातून एकदा बघा. ऑटोपेचे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. ती न वाचता सरकवून टाकू नका, मी तेच केलं होतं.

खरेदीचा आनंद किती वेळ टिकतो?

आता थोडी कबुली. त्या आठ दिवसांत मी सेल बघून ११ सिनेमे विकत घेतले. पैसे गेल्याची हिरवी खूण दिसेपर्यंत बरं वाटायचं, मग परत तेच. आजवर पाहिले तीन.

नंतर कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांचा २०१४ मधला अभ्यास वाचनात आला. त्यांनी काही लोकांना उत्कंठावर्धक ऑडिओबुक दिली, पण ती फक्त जिममध्येच ऐकता येतील अशी. सुरुवातीला हे लोक इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिममध्ये गेले. सुट्ट्या आल्या आणि परिणाम ओसरला, हेही त्यात आहे. युक्ती अशी की आवडती गोष्ट कष्टाच्या गोष्टीला बांधून टाकायची.

मी ती अशी वापरतो. ती २२ गाणी फक्त चालताना, घरी नाही. आणि आठवड्यात चार दिवस चाललो तरच शनिवारी एक सिनेमा भाड्याने. भाड्याने घेतल्यामुळे साठा होत नाही आणि ४८ तासांच्या मुदतीमुळे तो पाहिलाही जातो. आईबाबाही वाट बघतात, त्यामुळे शुक्रवारी "चार झाले का रे?" अशी चौकशी होते. एखादा आठवडा चुकला तर सोमवारपासून परत मोजायला सुरुवात.

कान उघडे ठेवा

आमच्याकडे गळीत हंगामात बेलापूर रोड असो की नेवासा रोड, उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेले असतात. पहाटेच्या अंधारात मागच्या ट्रॉलीला लाइट असेलच असं नाही. रस्त्यावर चालताना एकाच कानात इयरफोन घाला किंवा बाहेरचा आवाज ऐकू देणारा मोड चालू ठेवा. नॉइज कॅन्सलिंग घरी. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला. आवाजाची मर्यादाही पाळा: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तासांपर्यंत.

कधी थांबून मदत घ्यायची?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर गाणी आणि पावलं यांच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

मला नवीन प्रोजेक्ट मिळाला, पण सकाळचं चालणं सोडलेलं नाही. आज रात्री तुम्ही एवढंच करा: आवडीची पाच गाणी निवडा, त्यांचे ठोके मोजा आणि फाइल स्वतःच्या फोनवर आहे का ते तपासा. नसेल तर एक विकत घ्या आणि सकाळी ते पहिल्यांदा रस्त्यावरच ऐका.