‘ढ’चा आकडा

मठ्ठ पोराला ‘ढ’ का म्हणतात, याची एक गोष्ट मराठी शाळांतले मास्तर सांगत आले आहेत. अशोकाच्या ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत सगळी अक्षरं बदलली, ‘ढ’ मात्र होता तसाच राहिला. डोक्यावर रेघ आली, एवढंच. दोन हजार वर्षं शिकूनही जो बदलला नाही, तो ‘ढ’. ही व्युत्पत्ती कितपत खरी हा भाग सोडा. शिलालेखातला ‘ढ’ खरोखरच आजच्यासारखा दिसतो. आणि शिवीतला डंख त्या गोष्टीत नेमका सापडतो. मागे पडलेला मुलगा उद्या पुढे येऊ शकतो. ‘ढ’ येऊ शकत नाही.

बुद्ध्यंक ऊर्फ आयक्यूची कुळकथा या अक्षरापासून सुरू करतो, कारण ज्या माणसाने बुद्धी मोजायची पहिली कामाची पट्टी तयार केली, त्याचं भांडण याच समजुतीशी होतं.

आल्फ्रेड बिने १८५७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात जन्मला. शिक्षण वकिलीचं, मानसशास्त्र तो वाचनालयात बसून आपलं आपण शिकला. पुढे पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को या नामांकित डॉक्टरांच्या हाताखाली संमोहनावर काम करू लागला. तिथे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने जाहीर केलं, की संमोहित रुग्णाजवळ लोहचुंबक धरला की उजव्या अंगाची लक्षणं डाव्या अंगाला सरकतात. बेल्जियमच्या देलबफ याने तपासून पाहिलं तेव्हा बिंग फुटलं. डॉक्टरांना काय हवंय हे रुग्णाला ठाऊक असायचं, आणि रुग्ण तेच करून दाखवायचा. बिनेला चूक कबूल करावी लागली.

ही ठेच त्याच्या कामी आली. पुढे तो शाळकरी मुलांची डोकी मोजू लागला. मोठं डोकं म्हणजे मोठी अक्कल, असा तेव्हाचा शास्त्रीय समज होता. हुशार आणि मंद मुलांच्या मापांत फरक निघे तो जेमतेम मिलिमीटरचा; आणि बिनेला शंका आली, की तेवढा फरक तर आपल्या मनातल्या अपेक्षेनेही हातून पट्टी सरकून पडत असेल. त्याने डोकी मोजणं सोडून दिलं. घरात त्याच्या दोन मुली वाढत होत्या, मादलेन आणि आलीस. त्यांना तो कोडी घाली, प्रश्न विचारी आणि उत्तरं टिपून ठेवी. एकाच घरातल्या दोघी, पण विचार करायची तऱ्हा दोघींची निराळी. मन मोजायचं तर मनालाच काम द्यावं लागेल, कवटी मोजून भागायचं नाही, हे त्याला घरातच दिसत होतं.

१८८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये ६ ते १३ वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं होतं. ज्यांच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं अशीही मुलं वर्गात येऊन बसली. त्यांतल्या काहींना काही केल्या जमेना. त्यांना वेगळ्या वर्गात बसवायचं ठरलं तर ती निवडायची कुणी? मास्तरांवर सोडावं, तर द्वाड पोरगा मंद म्हणून वर्गाबाहेर जायचा. डॉक्टरांवर सोडावं, तर एकाच मुलाला दोन दवाखान्यांत दोन निदानं मिळायची. १९०४ मध्ये सरकारने यासाठी आयोग नेमला, त्यात बिने होता. वेड्यांच्या इस्पितळात काम केलेला तेओदोर सिमोन हा तरुण डॉक्टर त्याच्या जोडीला आला, आणि १९०५ साली दोघांनी ३० पायऱ्यांची चाचणी प्रसिद्ध केली.

ती घ्यायची कशी ते जवळून बघण्यासारखं आहे. टेबलाच्या एका बाजूला परीक्षक, दुसऱ्या बाजूला मूल. आधी पेटती काडी मुलाच्या डोळ्यांसमोरून हळू फिरवायची. नजर मागोमाग जाते का? मग एक चॉकलेटचा तुकडा आणि तेवढाच लाकडाचा ठोकळा; खायचं कोणतं ते कळतं का? चॉकलेट कागदात गुंडाळून दिलं तर कागद सोडवतो, की कागदासकट तोंडात घालतो? तीन आकडे ऐकून तसेच म्हणून दाखव. माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय? कागद आणि पुठ्ठा यांत? पॅरिस, नदी आणि संपत्ती हे तीन शब्द घेऊन एक वाक्य कर. जिना असा चढत जातो आणि शेवटी अमूर्त शब्दांतले बारीक भेद विचारतो. बहुतेक ठिकाणी लिहिणं-वाचणं लागत नाही. शाळेत काय शिकला, हे बाजूला ठेवून डोकं कसं चालतं ते पाहायचं, ही त्यामागची युक्ती.

१९०८ च्या आवृत्तीत प्रश्न वयवार लावले गेले. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना जमतं ते तीनच्या गटात, सातच्या मुलांना जमतं ते सातच्या. आठ वर्षांचा मुलगा सहाच्या गटापर्यंतच पोचला, तर त्याची मानसिक पातळी सहाची. दोन वर्षं मागे आहे, याच्याकडे लक्ष द्या, एवढाच निरोप. बिनेने १९०९ मध्ये मुलांविषयी पुस्तक लिहिलं आणि बुद्धी जन्मतः ठरते, ती वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांचा त्यात कडक समाचार घेतला. मागे पडलेल्या मुलांसाठी मनाचे व्यायाम सुचवले. त्यांतला एक म्हणजे शिक्षकाने खूण केली की पुतळ्यासारखं स्तब्ध राहायचं. आपल्या गल्लीतली पोरं ‘स्टॅच्यू’ खेळतात, जवळजवळ तेच. आधी लक्ष एका जागी ठरवायला शिकायचं, धडा नंतर. हा झाला ‘ढ’वरचा बिनेचा उतारा. १९११ मध्ये तो वारला.

त्याच्या पट्टीत वर्षं होती, एकटा आकडा नव्हता. तो पुढच्याच वर्षी आला. विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये दाखवलं, की वजाबाकी फसवते. आठ वर्षांचा मुलगा दोन वर्षं मागे असणं आणि बारा वर्षांचा दोन वर्षं मागे असणं सारखं नाही. म्हणून मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं. १९१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मनने त्या भागाकाराला १०० ने गुणून अपूर्णांक घालवला. आठाच्या मुलाची पातळी सहाची, तर ७५. बाराच्या मुलाची दहाची, तर ८३. आय आणि क्यू ही दोन अक्षरं या गणितातून जगभर गेली. म्हातारपणी सिमोनने या आकड्याला मूळ हेतूशी केलेली प्रतारणा म्हटलं.

मराठीत आल्यावर या शब्दाचं आणखी काही झालं. मूळ शब्दातला ‘क्यू’ म्हणजे भागाकाराचं उत्तर. आपण त्याचा ‘अंक’ केला. बुद्धि अधिक अंक, संधी करून बुद्ध्यंक. लोक मात्र सर्रास ‘बुद्ध्यांक’ लिहितात. दुसरा शब्द ‘बुद्धिगुणांक’. दोन्हींत भागाकार गडप झाला. कशाला कशाने भागलं हे विसरायला झालं, आणि उरले ते परीक्षेत पडतात तसे गुण. शंभरपैकी पंच्याहत्तर म्हणजे वा, छान, असं एखाद्या बापाला वाटलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

अमेरिकेत मात्र आकड्याने वेगळीच वाट धरली. न्यू जर्सीतल्या व्हाइनलंड गावी मतिमंद मुलांची शाळा होती. तिथला संशोधनप्रमुख हेन्री गॉडार्ड याने १९०८ मध्ये बिनेची चाचणी युरोपातून आणली, इंग्रजीत उतरवली आणि १९१० मध्ये ग्रीक शब्दावरून ‘मोरॉन’ हा शब्द घडवला. ‘ढ’ला शास्त्राचं शिक्कामोर्तब मिळालं. बिनेने जी पातळी वाढवायची म्हणून मोजली होती, ती गॉडार्डच्या लेखी रक्तातून उतरणारी, न बदलणारी ठरली. पहिल्या महायुद्धात सतराएक लाख अमेरिकन सैनिकांना गटाने अशा चाचण्या दिल्या गेल्या, आणि बुद्धी मोजणं हा मोठा कारखाना झाला.

त्याची किंमत कुणी दिली, तर व्हर्जिनियातल्या कॅरी बकने. तिचं मानसिक वय नऊ, तिची आईही ‘मंदबुद्धी’, आणि तिचं काही महिन्यांचं तान्हं मूलही ‘ठीक दिसत नाही’, अशा आधारावर तिची नसबंदी करायला १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी हिरवा कंदील दाखवला. ते तान्हं मूल, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली आणि एका वर्षी गुणवंतांच्या यादीत चढली. आठव्या वर्षी आजाराने वारली. ‘ढ’च्या वंशातली तिसरी पिढी म्हणून कोर्टात दाखवलेली ती हीच पोर.

इकडे हिंदुस्थानात सी. हर्बर्ट राइस याने पंजाबातल्या मुलांसाठी बिनेची चाचणी उर्दूवळणाच्या हिंदुस्थानीत आणली. ती १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठीपर्यंत ती आणली व्ही. व्ही. कामत यांनी. त्यांनी काम केलं ते धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, आणि तिथे कानडी-मराठी दोन्ही भाषा कानावर पडत. कामतांनी दोन्ही भाषांच्या मुलांसाठी बिनेची पट्टी नव्याने बसवली. त्यांचं काम १९३४ मध्ये इंग्लंडच्या शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात आलं, आणि १९४० मध्ये ऑक्सफर्डने पुस्तक काढलं. आजही क्लिनिकमध्ये ‘बिने-कामत’ म्हणतात ती हीच चाचणी.

असं काम नुसत्या भाषांतराने होत नाही. पॅरिसच्या मुलाला नाणी ओळखायला सांगितली तर त्याच्यापुढे सू ठेवायचे; इथे आणे-पै. यमक जुळवायला सांगायचं तर शब्द निराळे, आणि कोणता शब्द सोपा, कोणता अवघड, तेही निराळं. प्रश्न फिरला की तो सहाच्या गटात राहील की सातच्या, हे पुन्हा इथल्या मुलांना विचारूनच ठरवावं लागतं. शिवाय ही पट्टी काळाबरोबर शिळी होते. जेम्स फ्लिन या संशोधकाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की अमेरिकेत दर दशकाला सरासरी तीनेक गुण वाढत गेले होते. म्हणजे जुन्या मापाने मोजलं तर मूल असेल त्यापेक्षा उंच दिसतं. नव्वद वर्षांपूर्वीच्या मापाने आजचं मूल मोजताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

गॉडार्डच्या व्हाइनलंडहून महाराष्ट्रात आणखी एक पट्टी आली, आणि ती मात्र फार वेगळ्या स्वभावाची. तिथल्याच एडगर डॉल याने १९३५ मध्ये मुलाला प्रश्नच न विचारणारी चाचणी काढली. प्रश्न विचारायचे आईला. हात स्वतःचे स्वतः धुतो का? गुंड्या लावतो का? शेजारपाजारी एकटा जाऊन येतो का? नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी ती भारतीय मुलांसाठी बसवली. तिला ‘नागपूर आवृत्ती’ म्हणूनच ओळखतात. वेक्स्लर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी बेतलेली १९६९ ची ‘मॅलिन’ही त्यांचीच. मूल काय करतं, हे रोज त्याला बघणाऱ्या माणसाला विचारायचं. बिनेला ही पद्धत पटली असती.

आज हा आकडा दोन वाटांनी घरात येतो. एक वाट सवलतीची. १९९६ मध्ये महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. त्या निदानासाठी मुलाची बुद्धी सर्वसाधारण आहे हे आधी दाखवावं लागतं. ‘आळशी आहे’, ‘ढ आहे’ असं वर्षानुवर्षं ऐकलेल्या मुलाच्या कागदावर शंभराच्या आसपासचा आकडा येतो, आणि कित्येक घरांत पहिल्यांदाच आई-बाप मुलाची बाजू घेतात. इथे पट्टी बिनेच्या कामावर परत आली. दुसरी वाट शिक्क्याची. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या ‘मतिमंद’ ठरवलेल्या मुलींचे गर्भाशय पुण्यात शस्त्रक्रिया करून काढले गेले, तेव्हा देशभर वाद पेटला. सांगितलं गेलेलं कारण होतं त्यांच्या स्वच्छतेचं. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. ‘मतिमंद’ हा शब्द कागदांवरून आता हटला, तिथे ‘बौद्धिक दिव्यांग’ आलं. शब्द बदलला की समजूत बदलतेच असं नाही, हे ‘मोरॉन’च्या गोष्टीतून कळतं, तोही जन्माला आला तेव्हा शास्त्राचाच शब्द होता.

क्लिनिकमधून बाहेर पडताना आई बहुतेक वेळा एकच विचारते: “किती आला?” आकडा अहवालाच्या मधोमध असतो आणि नजर तिथेच जाते. त्याखाली सहसा शिफारशींच्या चार-पाच ओळी असतात: वाचनाला एवढा वेळ, गणिताला दुसरी रीत, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. बिनेने १९०५ मध्ये काडी पेटवली होती ती त्या ओळींसाठी.