विनोव्हियाचा हमामखाना

दिवाळीच्या पहाटे तेल-उटणे लावून कढत पाण्याने न्हाण्याचे सुख मराठी वाचकांना नव्याने सांगावयास नको. अंगाला तेल चोळावे, ते मळासकट निपटून काढावे आणि मग यथेच्छ ऊन पाणी घ्यावे, हा क्रम प्राचीन रोमन लोकांनाही तितकाच प्रिय होता. आपले अभ्यंगस्नान घरातल्या न्हाणीत उरकते. रोमन माणसाने मात्र त्यासाठी स्वतंत्र इमारती बांधल्या, आणि त्याचे सैन्य जेथे जेथे गेले तेथे तेथे त्या इमारतीही गेल्या. अशाच एका सरहद्दीवरील ठाण्याच्या हमामखान्याची ही हकीकत आहे. त्यात सुखाने स्नाने करणारे लोक गेल्यानंतर दीडशे वर्षांनी त्याच ढिगाऱ्यात एका स्त्रीला पुरण्यात आले. रोमन गेले आणि मागे नुसता अंधार उरला, ही पुष्कळ दिवस चालत आलेली समजूत तिच्या शेजारी ठेवून तपासून पाहण्यासारखी आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागात, डरहॅम परगण्यात, बिशप ऑकलंड नावाचे गाव आहे. त्याच्या उत्तरेला वेअर नदीच्या काठी एका उंचवट्यावर बिंचेस्टर हे स्थळ आहे. रोमन लोक त्याला विनोव्हिया म्हणत. इ. स. ७९-८० च्या सुमारास रोमन सुभेदार ॲग्रिकोला उत्तरेकडे चाल करून गेला, त्या मोहिमेत हा किल्ला प्रथम बांधला गेला असे मानतात. यॉर्कहून उत्तरेला जाणारा लष्करी रस्ता येथूनच नदी ओलांडीत असे, आणि त्या वाटेवर पहारा ठेवणे हे किल्ल्याचे काम होते. याच शतकात आपल्याकडील पैठण आणि तेर येथला माल भडोच बंदरातून पश्चिमेकडे जात होता, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्तीही त्याच रोमन व्यापाराची खूण आहे. एकाच साम्राज्याचा हात एका टोकाला दख्खनच्या पेठांपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला या थंड, पावसाळी टेकडीपर्यंत पोहोचला होता.

येथे राहणारे शिपाई जातीचे रोमन नव्हते. वेत्तोन नावाच्या स्पॅनिश लोकांतून उभारलेले एक घोडदळ येथे होते. हल्लीच्या हॉलंडच्या किनाऱ्यावरील फ्रिजियन स्वारांचीही एक तुकडी होती. त्यांच्या मनातील गोष्टी त्यांनी दगडावर कोरून ठेवल्या आहेत. वेत्तोन पथकाच्या वैद्याने आपल्या शिपायांना आरोग्य लाभावे म्हणून धन्वंतरीसारख्या एस्क्युलेपियस देवाला आणि आरोग्यदेवतेला एक शिल्प अर्पण केले. आणि २०१४ साली हमामखान्याच्या उत्खननात एक वेदी निघाली, ती घरी सुखरूप परत आणणाऱ्या भाग्यदेवतेची. ती वाहणारा माणूस घोडदळातून निवृत्त झालेला स्थपती होता. आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या माणसाने दुसऱ्या कोणत्या देवतेला नवस बोलावा?

हमामखाने येथे दोन आढळले. एक तटाबाहेरील वस्तीत, शिपायांसाठी. त्याच्या भिंती आजही पुरुषभर उंचीपेक्षा अधिक उभ्या आहेत आणि त्यांच्यावर रंगीत गिलाव्याच्या खुणा आहेत. दुसरा तटाच्या आत, किल्लेदाराच्या वाड्याला जोडलेला. हा दुसरा प्रथम उजेडात आला तो १८१५ साली, आणि तोही अपघाताने. शेतातून जाणारी एक गाडी अचानक जमिनीत खचली आणि खाली पाहतात तो विटांच्या खांबांवर तोललेली एक पोकळी, असे सांगतात.

ती पोकळी म्हणजे रोमन कारागिरीचा एक सुंदर मासला आहे. तीत पाणी मुळीच नव्हते, ती आगीची वाट होती. चौकोनी विटा एकावर एक रचून हात-दीड हात उंचीचे खांब ओळींनी उभे करावयाचे. त्यांवर मोठ्या फरशा, आणि फरशांवर चुन्यात विटांची भुकटी कालवून केलेला जाड थर. बाहेरच्या बाजूला भट्टी. तिची धग कमानीवाटे या पोकळीत शिरे, खांबांमधून फिरे, आणि भिंतीत बसविलेल्या पोकळ विटांतून वर चढून बाहेर पडे. वर उभ्या राहणाऱ्याला धूर दिसत नसे, जाळ दिसत नसे, पण पायाखालची भुई आणि पाठीमागची भिंत दोन्ही उबदार. थंड, कोमट आणि कढत अशा तीन दालनांतून क्रमाने जावयाचे आणि पुन्हा थंड पाण्याकडे परतावयाचे. काही विटांवर ज्या पथकाने त्या भाजल्या त्याच्या नावाचा ठसा आहे.

पण हे सुख फार खर्चाचे होते. भट्टी पेटती ठेवावयास सरपण हवे, सरपण आणावयास माणसे हवीत, फुटलेल्या विटा बदलावयास गवंडी हवा, आणि या सर्वांना पगार देणारी राजवट हवी. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात येथे किल्लेदाराचा वाडा थाटाने बांधलेला होता आणि त्याचा हमामखानाही चालू होता. थोड्याच काळात चित्र पालटू लागले. बाहेरच्या हमामखान्यात केरकचरा टाकला जाऊ लागला. २०१३ साली त्या कचऱ्यातून वालुकाश्मात घडविलेले एक मस्तक निघाले. ते एखाद्या स्थानिक देवाचे असावे, कारण रोमन सरहद्दीवरच्याच बेनवेल येथे मिळालेल्या अँटेनॉसिटिकस या देवाशी त्याचे फार साम्य आहे. कधीकाळी ज्याला नमस्कार केला त्याला लोकांनी उकिरड्यावर टाकले. तटाच्या आत, वाड्याच्या भोवतालच्या जागेत जनावरे कापली जाऊ लागली. लोहारकामही होऊ लागले. इ. स. ४१० च्या आसपास रोमन सत्ता ब्रिटनमधून उठली, पण येथला माणूस त्याच दिवशी उठून गेला असे दिसत नाही. पगार थांबला तरी पोट थांबत नाही. शिपायांची मुले तेथेच राहिली असावीत आणि गुरे, चामडे, लोखंड यांवर त्यांचा निर्वाह चालला असावा.

सहाव्या शतकातील गिल्डास नावाच्या एका ब्रिटन धर्मगुरूने आपल्या देशाचा विनाश मोठ्या आवेशाने वर्णिला आहे. आग, तलवार, कोसळलेल्या भिंती आणि परदेशी रानटी टोळ्या! त्याच्यामागून आलेल्या अनेक इतिहासकारांनी तोच सूर धरला. विनोव्हियाच्या मातीतून मात्र वेगळी गोष्ट उकलते. येथे एका रात्रीत काही घडले नाही. दालन आधी स्नानाचे होते, मग कामाचे झाले, मग ओस पडले. एके दिवशी छप्पर बसले आणि त्यावर गवत वाढले.

त्या पडझडीत, सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, ती स्त्री पुरली गेली. बरोबर ठेवलेल्या वस्तूंवरून तिचा काळ ठरतो, आणि त्या वस्तू अँग्लो-सॅक्सन धाटणीच्या आहेत. एवढ्यावरून ती समुद्रापलीकडून आलेल्यांची लेक होती असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु लुगड्याच्या काठावरून बाईचे कूळ सांगू नये. नव्या राज्यकर्त्यांची वेशभूषा जुन्या रहिवाशांनी उचलल्याची उदाहरणे आपल्या इतिहासातही काही कमी नाहीत. ती एखाद्या वेत्तोन स्वाराच्या पाचव्या-सहाव्या पिढीतील नातही असू शकेल.

ती कोणाचीही असो, तिला पुरणाऱ्यांनी ही जागा का निवडली? जुन्या टेकाडांत आणि पडक्या इमारतींत मृतांना ठेवण्याची चाल त्या काळच्या इंग्लंडात इतरत्रही आढळते. दगडगोट्यांनी भरलेल्या ढिगाऱ्यात खड्डा खणणे सोपे नसते. शेजारी मऊ माती असता जो तेथे खणतो, तो सोय पाहून खणीत नाही. ही जागा पूर्वी कोणा मोठ्या माणसांची होती, एवढे त्यांना ठाऊक असावे, आणि आपल्या मृत नातलगाला त्यांनी त्या मोठेपणाच्या पदराखाली ठेवले. या परिसरात पुढील शतकांतही दफने होत राहिली. तेव्हा ज्याला आपण उजाड ढिगारा म्हणतो तो त्यांच्या लेखी आपल्या माणसांचा ठाव होता.

विनोव्हियाचे दगडही स्वस्थ बसले नाहीत. तेथून सुमारे दीड मैलावर एस्कम या खेड्यात एक लहानसे, उंच भिंतींचे चर्च आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधले, आणि इंग्लंडातील त्या काळच्या शाबूत राहिलेल्या अगदी थोड्या वास्तूंत त्याची गणना होते. त्याच्या भिंतींतले दगड बिंचेस्टरच्या किल्ल्यातून आणलेले आहेत. आतील कमानही तेथूनच सुटी करून आणून पुन्हा रचली असावी असे जाणकारांचे मत आहे. दक्षिण भिंतीवर त्याच जुन्या काळचे सूर्यघटिकेचे यंत्र अद्याप आहे.

१८७८ पासून बिंचेस्टरला पद्धतशीर खोदकाम सुरू झाले. १९७६ नंतरच्या आणि २००९ नंतरच्या उत्खननांनी थर वेगळे करून वाचण्याचे शास्त्र तेथे वापरले. पूर्वीच्या हौशी संशोधकांना कोरीव दगड हवे असत. रोमन भुईच्या वरची हाडे, माती आणि खापऱ्या हा त्यांना वाटेतला अडथळा वाटे. पण स्नानगृहाचे पुढे काय झाले हे त्या अडथळ्यातच लिहिलेले होते. वरचा थर घाईने फेकून दिला असता, तर हमामखाना हाती आला असता आणि त्या स्त्रीची गोष्ट कायमची गेली असती.

एस्कमच्या उत्तरेकडील भिंतीत, बाहेरच्या बाजूने, एक दगड पाहावयास मिळतो. त्यावर रोमन लिपीत ‘सहावे सैन्यदल’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत, आणि तो दगड उलटा बसविलेला आहे. बसविणाऱ्या गवंड्याला ती अक्षरे बहुधा वाचता येत नव्हती. दगड टणक आहे, कडा सरळ आहेत आणि भिंतीत नेमका बसतो, एवढे त्याने पाहिले. त्याची भिंत अजून उभी आहे.