हत्याराचा परवाना : सातारा-सांगलीतील एका अर्जाची पूर्वपीठिका

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात प्रथमच बंदुकीचा परवाना मागणाऱ्या व्यक्तीचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल होत असला, तरी त्यावरचा निर्णय जिल्हाधिकारी महसुली अधिकारी म्हणून देत नाहीत, तर जिल्हादंडाधिकारी म्हणून, म्हणजे जिल्ह्यातील शांतता व सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी असलेला अधिकारी या नात्याने देतात. अर्ज पोलिसांकडे जातो, अर्जदार राहतो त्या हद्दीतील ठाण्याकडून त्याच्या पूर्वचारित्र्याची चौकशी होते, आणि त्याच्यावर गुन्हे आहेत काय, भाऊबंदकीचा वाद चालू आहे काय, जिवाला धोका असल्याचे तो सांगतो त्यात कितपत तथ्य आहे, याविषयीचा अहवाल वर येतो. साऱ्या प्रकरणाचा कणा हाच अहवाल असतो. अर्जदाराला बंदूक सुरक्षितपणे हाताळता येते काय, हा प्रश्न मात्र परवान्याची सर्वसाधारण अट म्हणून २०१६ च्या शस्त्र नियमांपर्यंत विचारलाच जात नव्हता. माणूस कसा आहे हे आधी आणि त्याला हत्यार चालवता येते की नाही हे जवळजवळ दीडशे वर्षांनी, हा क्रम वरवर विचित्र वाटतो. पण हा कायदा कोणत्या प्रसंगातून जन्मला हे पाहिले, तर त्यात विचित्र असे काही उरत नाही.

कंपनी सरकारच्या आधी या मुलखात हत्यार बाळगणे हा परवानगीचा नव्हे, तर कामाचा आणि मानाचा भाग होता. देशमुख-पाटलांच्या वाड्यांत तलवारी आणि तोडेदार बंदुका असत. तोडेदार म्हणजे जळती वात, अर्थात तोडा, लावून बार काढण्याची जुनी बंदूक. गडकिल्ल्यांच्या घेऱ्यातील वतनी रखवालदार आणि गावची राखण करणारे रामोशी यांच्या हाती हत्यार असणे हे त्यांच्या चाकरीतच गृहीत होते. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्यात आले, पुढे त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये औरस वारस न ठेवता वारले, आणि दत्तक नामंजूर करून गव्हर्नर जनरल डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. राज्य गेले तरी हत्यारे घरोघर होतीच, आणि नव्या सरकारला खरी चिंता त्यांचीच होती.

ती चिंता १८५७ मध्ये खरी ठरली. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी अनेक वर्षे लंडनमध्ये ठाण मांडून बसलेले त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते परत येऊन उठावाची जुळवाजुळव करीत होते. कट फुटला, रंगो बापूजी निसटले ते पुन्हा हाती लागले नाहीत, परंतु ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहान्त शासन देण्यात आले, आणि त्यांत त्यांचा मुलगाही होता. काहींना फाशी, काहींना गोळ्या, तर काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले. हत्यारांची आयात, निर्मिती, विक्री आणि ती बाळगण्याचा हक्क यांवर नियंत्रण आणणारा १८५७ चा २८ वा कायदा त्याच वर्षीचा आहे, आणि १८६० च्या ३१ व्या कायद्याने तीच व्यवस्था पुढे चालवली.

या निःशस्त्रीकरणाला सर्वांत थेट विरोध झाला तो सांगली संस्थानाच्या दक्षिणेकडील शेजारी मुलखात. मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेरडांनी हत्यारे जमा करण्यास नकार दिला. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस इंग्रजी फौज गावावर चालून गेली, गाव जाळण्यात आले आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना फाशी देण्यात आली. हत्यार नोंदवून सरकारकडे द्या, या हुकुमाचा अर्थ बेरडांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती: हत्यार हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन होते, आणि ते दिल्यावर उरलेल्या आयुष्याचे काय करायचे, याचे उत्तर हुकुमात नव्हते. याउलट, याच काळात इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलेल्या कोडगूतील कोडवांना हत्याराच्या परवान्यातून सूट मिळाली, आणि ती बंदुकांबाबत आजही चालू आहे. सातारच्या मराठ्यांना किंवा रामोशांना तशी सूट का मिळाली नाही, याचे कारण शौर्यात शोधण्यात अर्थ नाही. ते निष्ठेच्या हिशेबात सापडते.

व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ चा भारतीय शस्त्र कायदा आला, आणि मराठीत तो ‘हत्यारबंदीचा कायदा’ म्हणूनच ओळखला गेला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. व्याख्येत तलवारी, भाले आणि धनुष्यबाणही आल्यामुळे तलवार लावून रस्त्यावर निघणाऱ्यालाही परवाना दाखवावा लागू लागला. मात्र युरोपियनांना आणि सरकारच्या मर्जीतील ठरावीक देशी वर्गांना यातून वगळण्यात आले. देशी लोकांना खुपले ते बंधनापेक्षा हे वगळणेच. काँग्रेसने अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले, आणि अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनीही १९१८ मध्ये, सैन्यभरतीच्या प्रचारात, इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत त्याची गणना केली. वंशावर आधारलेली सूट पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांनी काढून घेतली, तरी मानकऱ्यांच्या सवलती उरल्याच.

कायद्याचा अंमल ब्रिटिश हद्दीपुरता होता, आणि आजच्या सांगली जिल्ह्याच्या भूमीवर ही हद्द फार वेडीवाकडी होती. तासगावची पटवर्धनी जहागीर १८४८ मध्ये खालसा होऊन इंग्रजांकडे गेलेली, वाळवा आणि खानापूर सातारा जिल्ह्यात, तर सांगली, मिरज, जत ही संस्थाने; त्यातही एकाच संस्थानाची गावे एकमेकांपासून तुटून विखुरलेली. तासगावच्या शेतकऱ्याचा परवाना सातारच्या कलेक्टरकडे, आणि काही कोसांवरच्या सांगलीकराचा प्रश्न दरबाराकडे, असा हा प्रकार होता. संस्थाने १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. त्यानंतरच या साऱ्या गावांचे अर्ज एका टेबलावर येऊ लागले.

तत्पूर्वी याच पट्ट्यात हत्याराच्या परवान्याची सरकारी कल्पना काही वर्षे उघडपणे धुडकावली गेली होती. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ या काळात गावोगाव स्वतःची न्यायव्यवस्था चालवली आणि जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली तुफान सेना उभी केली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे लुटण्यात आली आणि १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याच्या सरकारी खजिन्यावर छापा पडला. या चळवळीला लागणारी हत्यारे पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून आणली जात आणि पोलिसांकडून हिसकावली जात. सरकारच्या लेखी हे सारे विनापरवाना होते, हे सांगणे न लगे. पण या पट्ट्यातील माणसाला परवाना देणारे सरकार नेमके कोणते, हाच त्या काळी वादाचा मुद्दा होता.

स्वातंत्र्यानंतर १८७८ चा हा कायदा जाईल, अशी अपेक्षा अवास्तव नव्हती, कारण १९३१ च्या कराची ठरावाने नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला देऊ केला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी त्याच ठरावाचा आधार घेऊन हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. सातारच्या शाळेत १९०० मध्ये प्रवेश घेतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला: सर्वांना सरसकट हत्याराचा मूलभूत हक्क दिला, तर ज्यांच्या हाती ते असू नये अशांनाही तो नाकारता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सूचना फेटाळली गेली. १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने वंश आणि मर्जी यांचा हिशेब बाजूला सारला, पण पोलीस अहवालाची चौकट ठेवली. निष्ठेच्या जागी चारित्र्य आले, चौकशी करणारे ठाणे मात्र तेच राहिले.

त्यानंतरचे बदल आकड्यांचे आहेत. एका व्यक्तीला बाळगता येणारी हत्यारे १९८३ मध्ये तीनवर आणि २०१९ मध्ये दोनवर आली, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. परवान्याच्या जुन्या पुस्तिकेत धारकाचा फोटो, हत्याराचा क्रमांक, एका वेळी जवळ ठेवता येणाऱ्या आणि वर्षभरात घेता येणाऱ्या काडतुसांची संख्या, दुकानदाराने केलेल्या विक्रीच्या नोंदी आणि नूतनीकरणाचे शिक्के यांची दाटी असते. निवडणूक आली की पोलिसांच्या नोटिशीनुसार हत्यार ठाण्यात जमा करून घेतलेली पावतीही बहुधा त्यातच दुमडून ठेवलेली असते. सैन्यात मोठ्या संख्येने जाणाऱ्या सातारा जिल्ह्यात, जिथे अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी’ या जोडनावानेच ओळखले जाते, निवृत्त जवान स्वतःच्या बाराबोअर बंदुकीवर बँकेच्या दारात पहारेकऱ्याची नोकरी करताना दिसतात. सरकारने दिलेली रायफल अनेक वर्षे वागवलेल्या या माणसालाही गणवेश उतरवल्यावर चारित्र्याच्या चौकशीला सामोरे जावेच लागते.

सह्याद्रीच्या कुशीतील जावळी, पाटण आणि शिराळा तालुक्यांत मागणीचे कारण वेगळे असते. तिथे भात आणि ऊस रानडुकरांच्या तोंडी जातो, आणि १९५९ च्या कायद्यात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतून, वर चिंधीचा बोळा आणि छर्रे घालून, गजाने ठासून, टोपी चढवून उडवायची बंदूक. एक बार उडाला की सारे पहिल्यापासून करावे लागते, आणि तोवर डुकरांचा कळप बांध ओलांडून गेलेला असतो. त्यातच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते, आणि कोयना अभयारण्याच्या वेशीवरील कित्येक गावे या अंतरात मोडतात. परवाना मिळाला, तरी त्याने रानडुकरावर गोळी झाडण्याची मुभा मिळत नाही; त्यासाठी त्याच कायद्याच्या ११ व्या कलमाखाली वनखात्याकडे दुसरा अर्ज करावा लागतो.