दप्तराची रचना आणि कागदाचा शोध

कागद जपून ठेवणे आणि तो हवा तेव्हा सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी जागा, राखण, आणि आग व वाळवी यांपासून संरक्षण पुरते. दुसरीसाठी रचना लागते, आणि रचना ही नेहमी कोणत्या तरी प्रयोजनाला अनुसरून केलेली असते. ज्या प्रश्नाचे उत्तर पुढे वारंवार द्यावे लागेल अशी अपेक्षा असते, त्या प्रश्नाच्या सोयीने दप्तर लावले जाते. प्रश्न बदलला की तेच दप्तर मुके होते. पुण्याच्या पेशवे दप्तराचा दोन-अडीच शतकांचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. कारण एकाच कागदसंग्रहाला राज्यकर्ते, जिंकणारे, इतिहासकार आणि आता संगणक यांनी क्रमाक्रमाने निरनिराळे प्रश्न विचारले आहेत.

पेशव्यांच्या हुजूर दप्तराचे मुख्य दोन भाग होते. चालू कामाचे ते चालते दप्तर. ते फडणिसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली असे, आणि सनदा, हुकूम व हिशेबांची तपासणी ही कामे त्याच्या फडात होत. दुसरे एकबेरीज दप्तर. ते पुण्यातच राही, आणि निरनिराळ्या खात्यांकडून आलेल्या हिशेबांचे वर्गीकरण करून त्यांचे तर्जुमे, म्हणजे जमा, खर्च व शिल्लक यांचे गोषवारे, तेथे तयार होत. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या राज्यपद्धतीवरील ग्रंथात या दप्तराचे सविस्तर वर्णन आहे. दोनशेहून अधिक कारकून तेथे राबत असत, यावरून त्याच्या व्यापाची कल्पना येते.

या व्यवस्थेचा कणा रोजकीर्द हा होय. त्या दिवशी झालेली जमा, दिलेला खर्च व सुटलेला हुकूम रोजकीर्दीत दिवसाच्या क्रमाने उतरे. दिवसाचा क्रम लिहिणाऱ्याच्या सोयीचा असतो, शोधणाऱ्याच्या नव्हे. अमुक सरदाराकडे किती येणे आहे हे रोजकीर्दीवरून काढावयाचे तर वर्षाची सर्व पाने चाळावी लागतील. म्हणून रोजकीर्दीतील रकमा खतावणीत खातेवार उतरवीत आणि खतावणीवरून ताळेबंद बांधीत. एकच रकम दोनदा लिहिण्याचे हे श्रम व्यर्थ नव्हते. दुसऱ्यांदा लिहिणे म्हणजेच शोधाची वाट आधी घालून ठेवणे होते. आजच्या परिभाषेत ज्याला निर्देशांक म्हणतात, त्याचे काम खतावणी करीत असे. मात्र ती वाट एकाच दिशेची होती. पैशाचा प्रश्न विचारणाऱ्याला ती नेमके उत्तर देई. एखाद्या गावात त्या वर्षी काय घडले, हे विचारणाऱ्यासाठी ती घातलेलीच नव्हती.

ही रचना कागदात होती तितकीच माणसांतही होती. कोणता रुमाल कोठे आहे आणि त्यात काय बांधले आहे, याचे ज्ञान मुरलेल्या कारकुनांच्या स्मरणात असे. नाना फडणिसांच्या काळात या दप्तराला जी शिस्त होती, ती दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत राहिली नाही. महाल मक्त्याने देण्याची पद्धत वाढली, तेव्हा गावोगावच्या तपशीलवार हिशेबांची सरकारला गरजच उरली नाही. आणि ज्या हिशेबाची गरज नाही त्याचे दप्तर कोणी नीट ठेवीत नाही. दप्तराची अवनती ही केवळ निष्काळजीपणाची गोष्ट नसून कारभाराचे स्वरूप बदलल्याची ती खूण होती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दप्तर इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनच्या व्यवस्थेत ते जपण्याचे व लावण्याचे काम सुरू झाले, ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. नव्या सरकारला दोन गोष्टी जाणून घ्यावयाच्या होत्या: वसूल किती होता, आणि तो कोणाकोणाला माफ होता. पुढे १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा दुसरा प्रश्न पुढे आला. ज्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या इनाम म्हणून उपभोगल्या जात होत्या, त्यांचा आधार काय, हे आता कागदावरून ठरावयाचे होते. येथे दप्तराच्या रचनेला एक कठोर अर्थ आला. इनामदाराच्या घरची सनद जळाली, कसरीने खाल्ली किंवा वाटणीत हरवली असेल, तर त्याच्या हक्काचा उरलेला पुरावा सरकारच्याच कोठीत होता. तो शोधणारा कारकून सरकारचा, त्याची छाननी करणारा अधिकारीही सरकारचाच. त्या कोठीत नोंद सापडणे वा न सापडणे यावर एखाद्या कुटुंबाचे अन्न अवलंबून राहिले. १८६३ च्या दोन कायद्यांनी ठरावीक रकमा भरून इनामे कायम करण्याची संक्षिप्त वाट काढली, तेव्हा या चौकशीचा जाच ओसरला. परंतु दप्तरावर त्या चौकशीचा ठसा राहिला. त्याचा सांभाळ करणाऱ्या कचेरीचे नावच ‘एलिएनेशन ऑफिस’, म्हणजे सरकारी वसुलातून सुटलेल्या जमिनींची कचेरी, असे होते. १८९१ मध्ये त्यासाठी पुण्यात दगडी इमारत उभी राहिली. आजचे पुणे पुराभिलेखागार ते हेच.

इतिहासकारांचा प्रश्न तिसऱ्या प्रकारचा होता, आणि त्यांना दार बराच काळ बंदच होते. राव बहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींतून काढलेल्या उताऱ्यांवर न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि राज्याच्या युद्धांपलीकडे समाजाची घडी, न्याय, कर व चलन यांचे दर्शन या कागदांतून घडते, हे दाखवून दिले. जमाखर्चासाठी लिहिलेल्या नोंदींतून समाजाचा इतिहास काढणे म्हणजे दप्तराला त्याने न योजलेला प्रश्न विचारणे होते. त्यानंतर गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून अवघ्या काही वर्षांत ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ हे ४५ भाग प्रसिद्ध केले. हजारो रुमालांतून विषयवार वेचलेले कागद प्रथमच अभ्यासकांच्या हाती आले, ही त्या कार्याची थोरवी होय. परंतु निवड ही सुद्धा एक रचनाच आहे. छापील भागात पत्र वाचणाऱ्याला ते मूळ कोणत्या रुमालात, कोणत्या कागदांच्या शेजारी होते, हे दिसत नाही; आणि कित्येकदा कागदाचा अर्थ त्याच्या शेजारावरूनच कळतो. राजकारणाच्या दृष्टीने निवडलेल्या भागांत हिशेबाच्या कागदांना साहजिकच कमी जागा मिळाली, ही गोष्ट आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

येथपर्यंतच्या सर्व पद्धतींना एक मर्यादा समान होती. कागद एका वेळी एकाच ठिकाणी राहू शकतो. तो तारखेप्रमाणे लावला तर व्यक्तीप्रमाणे लागत नाही. व्यक्तीप्रमाणे लावला तर गावाप्रमाणे लागत नाही. इंग्रजी अमदानीतील आवक-जावक नोंदवही, फाइलींचे क्रमांक व सूची यांनी हा दोष कमी केला, नाहीसा केला नाही. तो मोडला यंत्राने. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या छिद्रित पत्रकांनी एकच माहिती निरनिराळ्या अंगांनी मोजता येते हे दाखविले. १९५६ मध्ये आय. बी. एम. कंपनीने चकतीवर साठवण करणारे यंत्र बाजारात आणले, आणि फीत आरंभापासून उलगडल्यावाचून हवी ती नोंद थेट गाठता येऊ लागली. १९७० मध्ये एडगर कॉड याने मांडलेल्या संबंधाधिष्ठित पद्धतीचे सार असे, की माहिती कोठे व कोणत्या क्रमाने साठविली आहे, याची चिंता विचारणाऱ्याने करू नये. खतावणी एका प्रश्नासाठी आधीच लिहावी लागे. संगणक प्रश्न आल्यावर ती क्षणात तयार करतो.

तथापि संगणकाला नोंदलेलेच सापडते, हे ध्यानात घेतले पाहिजे. मोडी कागदाचे छायाचित्र संगणकात ठेवले म्हणजे तो कागद सुरक्षित झाला, शोधता येण्याजोगा झाला असे नव्हे. मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली. तरीही भरधाव लेखणीने जोडून लिहिलेली अक्षरे वाचण्यास तज्ज्ञ माणूस लागतो. तारखेचीही तीच अडचण आहे. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असे सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेले असते. त्यात अंक एकही नाही. एक, सत्तर, शंभर व हजार मिळून ११७१ होतात, आणि हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्याने ते इसवी सन १७७०-७१ शी जुळते, हे जाणकाराने सांगितल्यावाचून यंत्राला १७७० चा कागद सापडणार नाही. म्हणजे जुन्या कारकुनाच्या स्मरणातील ज्ञान आता वर्णनात्मक नोंदीत उतरविणे भाग आहे. ते न केल्यास रुमालाऐवजी चकती भरेल, एवढाच फरक होईल.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ संशोधकांपुरते नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचीबद्ध व निर्देशांकित ठेवण्याचे कर्तव्य घातले आहे. इनाम कमिशनच्या काळी कागद शोधण्याचे सामर्थ्य एकट्या सरकारकडे होते. कायद्याने तो हक्क आता नागरिकाला दिला आहे. परंतु सूची नसलेल्या दप्तरात हक्क असूनही कागद मिळत नाही. दप्तर कोणी लावले आणि कोणत्या प्रश्नासाठी लावले, हे विचारण्याची सवय म्हणूनच इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुरावा वाचण्यापूर्वी लागली पाहिजे. कारण जे सापडत नाही ते घडलेच नाही, असा समज करून देण्याची शक्ती प्रत्येक दप्तरात असते.