बार्सेलोनेताच्या रहिवाशांची बाजू

बार्सिलोनात नव्या हॉटेलांना विरोध करणाऱ्या रहिवाशांबद्दल एक मत जगभर रूढ झालं आहे. ही माणसं पाहुण्यांचा द्वेष करतात, ज्या धंद्यावर शहर जगतं त्याच्याच मुळावर उठली आहेत, आणि दुसऱ्यांच्या रोजगारापेक्षा त्यांना आपल्या गल्लीची शांतता प्यारी आहे, असं ते मत. जुलै 2024 मध्ये काही निदर्शकांनी पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं, तेव्हा या मताला आयता पुरावा मिळाला. जेवायला बसलेल्या अनोळखी माणसाला भिजवणं मला मुळीच पटत नाही. पण त्या एका दिवसावरून वर्षानुवर्षांच्या मागणीचा अर्थ लावणं हा अन्याय आहे.

पूर्वपक्षातला सर्वांत बळकट मुद्दा आधी घेऊ. खोल्या वाढल्या की पर्यटक हॉटेलांत सामावतील, घरांवरचा ताण उतरेल. म्हणून हॉटेल अडवणारा स्वतःचंच भाडं वाढवून घेतो. मोकळ्या माळावर हे कदाचित खरं ठरेल. जुन्या वस्तीत मात्र जमीन वाढत नाही. बार्सेलोनेता हा मच्छीमार, खलाशी आणि बंदर-कामगारांचा भाग 18व्या शतकात लष्करी अभियंत्यांनी आखला. पुढे एकेका घराचे चार वाटे झाले आणि जेमतेम 30-35 चौरस मीटरांत कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. या वस्तीच्या टोकाला, बंदराच्या जागेवर, 2009 मध्ये शिडाच्या आकाराचं उंच हॉटेल उभं राहिलं, खोल्या 473. त्यासाठी कुणाचं घर पाडलं नाही, असं समर्थक सांगतात, आणि ते खरंच आहे. पण घरांवरचा ताण उतरला का? ऑगस्ट 2014 मध्ये याच वस्तीतले लोक रस्त्यावर आले ते पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या फ्लॅटांविरुद्ध. हॉटेलं आणि असे फ्लॅट शहरात सोबतच वाढत गेले होते. रात्रीच्या दराने भाडं देणारा गिऱ्हाईक दाराशी आला की महिन्याच्या पगारावर जगणारा भाडेकरू त्या चौथाई घरात टिकत नाही. खोल्यांच्या संख्येवर बेतलेल्या हिशेबात ही गोष्ट येतच नाही.

रोजगाराचा युक्तिवादही तपासून घ्यावा लागतो. हॉटेलांच्या खोल्या साफ करणाऱ्या स्त्रियांनी स्पेनभर ‘लास केलिस’ ही संघटना उभी केली. 2012च्या कामगार कायद्यातल्या बदलांनंतर त्यांचं काम मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे गेलं आणि पगार घसरले, ही त्यांची मुख्य तक्रार आहे. ज्यांच्या पोटाचं नाव घेऊन रहिवाशांना गप्प बसवलं जातं, त्यांची साक्ष अशी आहे.

आता ‘सरसकट बंदी’चा आरोप. घरांच्या चळवळीतून पुढे आलेल्या आदा कोलाऊ 2015 मध्ये महापौर झाल्या आणि त्यांनी नव्या परवान्यांना स्थगिती दिली. पण स्थगितीवर गोष्ट थांबली नाही. जानेवारी 2017 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्याने शहराचे विभाग पाडले. मध्यवर्ती भागात एखादं हॉटेल बंद पडलं तर त्याच्या जागी दुसरं नाही. त्याबाहेरच्या पट्ट्यात आहे ती संख्या कायम. आणि शहराच्या कडेला मर्यादेत नवी हॉटेलं उघडायला मुभा. हॉटेल, हॉस्टेल, पर्यटक-फ्लॅट या सगळ्यांचा विचार त्यात एकत्र केला होता. 2019 मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला, तेव्हा महापालिकेने सुधारित आराखडा आणला. द्वेषातून निघालेली मागणी कुठे किती हॉटेलं चालतील याचा नकाशा काढत बसत नाही.

रहिवाशांच्या बाजूला खरोखर अडचणीत आणणारं उदाहरण वेगळंच आहे. पासेग दे ग्रासियावरच्या डॉइशे बँकेच्या जुन्या इमारतीत होऊ घातलेलं आलिशान हॉटेल अडलं, आणि तिथे झाली ती आलिशान घरं. म्हणजे हॉटेल अडवल्याने कामगाराला घर मिळतंच असं नाही, हे मान्य करायलाच हवं. पण त्यातून निघतो तो आणखी नियमनाचा मुद्दा. 2018च्या अखेरीस महापालिकेने 600 चौरस मीटरांहून मोठ्या बांधकामांत 30 टक्के घरं परवडणाऱ्या दरात देण्याची अट घातली. तिचं फळ तुटपुंजं निघालं; तरी दिशा तीच योग्य होती, असं मी ठामपणे म्हणेन.

कोलाऊंनंतरचे महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून 2024 मध्ये जाहीर केलं की 10,101 पर्यटक-फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपतील, त्यांचं नूतनीकरण होणार नाही. बार्सेलोनेताचे लोक 2014 मध्ये जे मागत होते ते यात बरंच आलं. मोकळे होणारे ते फ्लॅट डॉइशे बँकेच्या इमारतीसारखे श्रीमंतांच्या हाती जाऊ नयेत, याची तजवीज मात्र महापालिकेने परवाने संपण्याआधीच करायला हवी.