वाटा, कारभार आणि सांभाळ : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

दिव्यांग माणसाच्या आर्थिक सुरक्षिततेचा विचार मुंबई-पुण्याच्या सल्लागारांनी नाहीतर विमा एजंटांनी अलीकडे आणला, असा समज नांदेड-लातूरकडे सर्रास आढळतो. खरे तर या विषयावरची एक जुनी आणि दूरवर पोहोचलेली चर्चा आपल्या अगदी शेजारी झाली. निलंग्याहून दक्षिणेला सीमा ओलांडली की बसवकल्याण लागते. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी, विज्ञानेश्वराने इथे याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. पुढे देशाच्या मोठ्या भागात हिंदू घरांच्या वाटण्या तिच्याच आधाराने झाल्या. आंधळा, पांगळा, वेडा, जड बुद्धीचा, असाध्य रोगी यांना तिने वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा नाकारला. पण कुटुंबाने त्यांना पोसलेच पाहिजे, असे बंधनही घातले. विज्ञानेश्वर इथे वकिलाच्या बारकाईने लिहितो. वाटणी झाल्यानंतर व्यंग आले तर मिळालेला वाटा काढून घेता येत नाही. औषधाने माणूस बरा झाला तर त्याला वाटा द्यावा लागतो. त्याच्या निर्दोष मुलांचा हक्कही शाबूत राहतो.

वाटा नाही, पण पोटाला कमी पडू द्यायचे नाही, असा हा तोडगा. तो निर्दय नव्हता, आणि म्हणूनच इतका टिकला. कायद्याने तो केव्हाच मोडीत काढला. १९२८ च्या कायद्याने बहुतेक व्यंगांची आडकाठी दूर केली, जन्मतः वेडे किंवा जड बुद्धीचे असलेले तेवढे बाहेर ठेवले. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानाचा कायदा. नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या मुलखात. अखेर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने रोग, दोष किंवा व्यंग यांवरून कोणाचाही वारसाहक्क जाणार नाही, असे स्वच्छ सांगितले. तरी आजही गावात वाटणीची बैठक बसते तेव्हा थोरला म्हणतो, “त्याला काय करायचंय रान? तो माझ्याकडंच ऱ्हातोय की.” बोलणारा बहुतेक वेळा मनापासून बोलत असतो. बसलेली चार माणसे माना डोलावतात. बहीण दिव्यांग आणि बिनलग्नाची असली तर तिचा विषय हक्कसोडपत्रावरच्या अंगठ्याने मिटतो. कायदा १९५६ चा असतो, बैठक मात्र कल्याणीतच भरलेली असते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाने, मग तो समाजकार्याचा विद्यार्थी असो, सनदी लेखापाल असो, विशेष शिक्षक असो की स्वतः आई-बाप, आधी तीन कामे वेगळी ओळखायला शिकावे. मालमत्ता कोणाची, तिचा कारभार कोण पाहणार, आणि रोजचा सांभाळ कोण करणार. आपल्याकडे ही तिन्ही एकाच भावाच्या पदरात टाकायची पद्धत आहे. तो भला असेल तर सगळे सुरळीत चालते. तो कर्जात बुडाला, आजारी पडला, नाहीतर त्याच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च अंगावर आला की तिन्ही कामे एकदम कोसळतात, आणि हिशेब मागायला कोणी उरलेले नसते. कायदा, विमा, न्यास, पेन्शन अशी या विषयातली सगळी साधने मुळात ही तीन कामे वेगवेगळ्या हातांत ठेवण्यासाठी आहेत. निदान मी तरी ती तशी वाचतो.

‘आमच्या माघारी भाऊ बघेल’ या भरवशात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : माणसे एकामागून एक जातील, मागच्याला पुढच्याची जागा घ्यायला वेळ मिळेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि ते गृहीतक जमीनदोस्त झाले. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे झोपली होती. आई, बाप, चुलते, थोरला भाऊ एकाच घरातून एकदम गेले, आणि वाचलेल्यांतले कित्येक मणका किंवा हातपाय गमावून बसले. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरला : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. भूकंपावर पुष्कळ लिहिले गेले आहे. या मोजणीकडे आपल्या विषयाच्या अंगाने पाहिले पाहिजे. ज्याच्या नावे उतारा होता त्याचा हक्क कागदावर उभा होता. ज्याला वर्षानुवर्षे ‘आमच्यातच आहे’ म्हटले गेले, तो सरकारदरबारीही दुसऱ्याच्या कुटुंबातला एक सदस्यच राहिला.

म्हणून या क्षेत्राचा पहिला दस्तऐवज सातबारा आहे, असे मी म्हणतो. तो वाचायला शिका. अज्ञान मुलाच्या नावापाशी ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरे दिसतात, अज्ञान पालनकर्ता, आणि पुढे बहुधा आईचे नाव. मूल अठराचे झाले की वयाचा पुरावा जोडून अर्ज करायचा, तलाठी फेरफार घेतो, आईचे नाव कमी होते. आता ते मूल बौद्धिक दिव्यांग आहे असे समजा. कागदावर तो कालपासून पूर्ण मालक. पण पीककर्जाचा अर्ज काय, खरेदीखत काय, हे त्याला समजणार नाही. आईला त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार उरला नाही. एक तर व्यवहार अडून बसतो, नाहीतर कोणीतरी त्याला मोटारसायकलवर बसवून तालुक्याला नेतो आणि अंगठा घेतो. असे खत पुढे कोर्टात टिकणार नाही हे खरे, पण कोर्टात जायचे कोणी?

अठरा वर्षांनंतर आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत, ही गोष्ट शिकल्या-सवरल्या घरांतही माहीत नसते. त्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार अवस्थांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी असतो आणि एक दिव्यांग व्यक्ती. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, आणि या समितीचे प्रमाणपत्र बँकेत खाते उघडायलाही चालते. मला या कायद्यातले खरे मोल दिसते ते १६ व्या कलमात. नेमणुकीपासून सहा महिन्यांत पालकाने मालमत्तेची यादी द्यायची, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. कारभाऱ्याला हिशेब मागणारे कोणीतरी असावे, ही सोय इथे प्रथमच घरापर्यंत आली. शोधनिबंधासाठी विषय शोधणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी या जमाखर्चांपासून सुरुवात करावी : किती पालक ते देतात, कोण तपासतो, त्यात काय लिहिलेले असते.

मानसिक आजार मात्र या चार अवस्थांत बसत नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या प्रौढ मुलाच्या आईला हा दरवाजा बंद आहे. तिच्यासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे १४ वे कलम आहे, ज्याने ठरावीक व्यवहारापुरते, ठरावीक मुदतीचे पालकत्व आणले. या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले हे सगळ्यांना ठाऊक असते. १३ वे कलम फारसे कोणी वाचत नाही. दिव्यांग माणसाला मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा इतरांइतकाच अधिकार आहे, असे ते म्हणते. संपूर्ण पालकत्व देणारा १९९९ चा कायदा आणि माणसाची सही त्याच्याकडेच ठेवू पाहणारा २०१६ चा, यांत ताण आहे. तो सुटलेला नाही, आणि या क्षेत्रातला सर्वांत जिवंत वाद तोच.

साधनांबद्दल माझी मते थोडी ठाम आहेत. शहरी सल्लागार पहिला उपाय सांगतात तो खासगी न्यासाचा, १८८२ च्या न्यास कायद्याखालचा. मालमत्ता मोठी असेल तर तो उत्तमच : मालकी न्यासाकडे, सांभाळ बहिणीकडे, हिशेब विश्वस्तांकडे. पण अहमदपूर किंवा मुखेडच्या दोन एकर कोरडवाहू घराला त्याचा खर्च आणि कटकट झेपणारी नाही. अशा घराने मृत्युपत्राकडे वळावे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून ठेवलेली बरी. दिव्यांग मुलाच्या नावे वाटा लिहावाच. काही कारणाने जमीन दुसऱ्या भावाला द्यायची असेल, तर अमक्याच्या पोटगीचा बोजा या जमिनीवर राहील, असे स्पष्ट लिहावे. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्यानुसार पोटगीचा हक्क मालमत्तेवर आपोआप बोजा होत नाही. तो मृत्युपत्राने, कराराने किंवा कोर्टाच्या हुकुमानेच होतो. मग तो सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात चढवून घ्यावा. सोसायटीच्या कर्जाचा बोजा आपण त्या रकान्यात रोज पाहतो. भावाच्या भाकरीचा का नसावा?

विम्यात लोक फसतात ते नॉमिनीवरून. नॉमिनी पैसे घेतो म्हणून तो मालक होतोच असे नाही. पॉलिसीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्येच सरबती देवी खटल्यात सांगितले; २०१५ च्या विमा कायद्यातील दुरुस्तीने मात्र आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांच्यापुरता हा नियम बदलला. शेतकरी आणि आडत व्यापारी यांना मी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचे सहावे कलम मुद्दाम दाखवतो. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याची पॉलिसी बायको-मुलांच्या हितासाठी या कायद्याखाली काढली तर ती न्यास ठरते, आणि सावकार असो की बँक, घेणेकऱ्यांचा हात तिला लागत नाही. जिथे कर्त्या माणसामागे कर्जच उरते, त्या भागात या दीडशे वर्षे जुन्या कलमाची चर्चा घरोघर व्हायला हवी होती. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंतचे आरोग्यकवच देते. नोंदणीला दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना २५० आणि इतरांना ५०० रुपये, वैद्यकीय तपासणीची अट नाही.

नोकरदार घरांतला मोठा ठेवा म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन. उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते आई-वडिलांमागे आयुष्यभर मिळू शकते. लातूर-नांदेडकडे शिक्षकांची घरे पुष्कळ, तरी मुलाचे नाव आणि दिव्यांगत्व सेवेत असतानाच कार्यालयात नोंदवायचे राहून जाते, कारण ‘उगाच बोभाटा नको’. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांसाठी व्यवस्था वेगळी असल्याने त्यांनी आपले नियम वेगळे वाचावेत.

बाकीच्यांना आधार संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. १९८० मध्ये ती सुरू झाली. २०२३ मध्ये अनुदान महिना १,५०० रुपये झाले आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २,५०० करण्याचा निर्णय झाला. पलीकडे तेलंगणात २०२३ पासून ४,०१६ रुपये मिळतात. धर्माबाद-बिलोलीकडच्या सीमेवरच्या गावांतून तेलंगणात जाण्याची मागणी अधूनमधून उठते, तेव्हा तिथल्या योजनांचे आकडे लोकांना तोंडपाठ असतात, यात नवल नाही. मला रकमेइतकीच आपल्या निराधार योजनेची अट खुपते. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार ठेवली गेली, म्हणजे महिन्याला चार हजार दोनशेच्याही आत. आई-बापांनी मुलाच्या नावे चार पैशांची सोय केली, व्याज येऊ लागले, की अनुदान जाण्याची भीती. मग तहसीलमधून कमी उत्पन्नाचा दाखला काढायचा आणि बचत दुसऱ्याच्या नावे लपवायची. राज्याची योजनाच कुटुंबाला पुन्हा त्या भावाच्या खात्याकडे ढकलते. अर्थशास्त्राच्या कोणी अभ्यासकाने ही गाठ नीट सोडवून दाखवावी.

पैशाची सोय झाली तरी सांभाळ उरतोच. हरंगुळच्या ‘संवेदना’सारख्या केंद्राने सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी लातूरला वाट पाडून दिली; पण मूल प्रौढ होते आणि शाळा सुटते. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेच्या आई-बापांनी प्रौढ मुलांसाठी ‘घरकुल’ उभारले. तसे काही कंधार-लोह्यात चालेल का, जिथून कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर उसतोडीला आणि बांधकामावर निघून जातात आणि अपंग पोर आजीजवळ राहते, हे ठरवायला खोणीचा नकाशा पुरणार नाही.

आई-बापांनी रेटा लावला की कायदाही हलतो. करसवलतीच्या ८०-डीडी कलमाखालच्या पॉलिसीचे पैसे आई-वडील वारल्यावरच मुलाला मिळत. आम्ही म्हातारे झालो, कमाई थांबली, तेव्हा काय करायचे, असे विचारत एक पिता सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये न्यायालयाने कलम तसेच ठेवले, पण सरकारने विचार करावा असे सुचवले. २०२२ च्या वित्त कायद्याने पालकाच्या साठीनंतर पैसे मिळण्याची वाट मोकळी केली.

पुढची प्रकरणे याच क्रमाने आहेत : आधी वाटा, मग कारभार, मग सांभाळ. वकिलांना पहिला भाग ओळखीचा वाटेल, विशेष शिक्षकांना शेवटचा. दोघांनी एकमेकांच्या भागापासून वाचायला घेतले तर बरे. आणि घरी या विषयाची बैठक बसवाल तेव्हा ज्याच्यासाठी ती आहे त्याला आतल्या खोलीत ठेवू नका. त्याला कोणाजवळ राहायला आवडेल, रोज चहाला किती पैसे हवेत, कोणाची भीती वाटते, एवढे तरी तो सांगू शकतो, आणि पालकाच्या अर्जात पहिले नाव लिहिण्याआधी ते कळलेले असावे.